साहेबाची शिकार, रयतेचे रान

हिंदुस्थानात शिकारीचा शौक इंग्रजांनी आणला नाही. मोगल बादशहा मैलोगणती रान घेरून, हजारो माणसांच्या कड्यात जनावरे कोंडून शिकार खेळत. पाळीव चित्त्यांकडून काळवीट धरून आणणे हा अकबराचा आवडता खेळ होता. जहांगीरने तर हिशेबच ठेवला. वयाच्या बाराव्या वर्षापासून पुढच्या साडेतीन दशकांत आपल्या हातून १७,१६७ जनावरे पडली, अशी नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. याच जहांगीरने मन्सूर या चिताऱ्याकडून पशुपक्ष्यांची इतकी बारकाईची चित्रे काढून घेतली की प्राणिशास्त्राचे अभ्यासक आजही ती पाहतात. मारणे आणि न्याहाळणे या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदू शकतात, हे पुढे साहेबाच्या बाबतीतही वारंवार दिसणार होते. पेशव्यांचाही पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता आणि सवाई माधवरावाला तिथल्या जनावरांचे भारी वेड होते.

राजेरजवाड्यांच्या या खेळाखाली दुसरी एक शिकार चालू होती. पारधी फासे लावून तितर, ससे आणि हरणे धरत. भिल्ल, गोंड, कोरकू, कातकरी धनुष्यबाणाने किंवा जाळ्याने पोटापुरते मारत. शेतकरी रानडुकरांचा बंदोबस्त करायला गावकी जमवून रान उठवत. राजाची स्वतःची शिकारगाह सोडली, तर या लोकांच्या आड सहसा कोणी येत नसे. ते दयाळूपणामुळे नव्हे. रान अफाट होते, माणसे थोडी होती आणि रानाचा कोपरान् कोपरा मोजून त्याच्यावर हक्क सांगणारे सरकार अजून आलेले नव्हते.

कंपनी सरकारच्या सुरुवातीच्या काळात वाघ म्हणजे शत्रू, असे सरळ समीकरण होते. सर हेक्टर मन्रो या सेनापतीच्या तरुण मुलाला १७९२ मध्ये बंगालच्या सागर बेटावर वाघाने उचलले, त्या घटनेची चर्चा इंग्लंडभर झाली. इकडे टिपू सुलतानाने वाघालाच आपले चिन्ह केले होते. गोऱ्या शिपायाच्या छातीवर बसलेला त्याचा लाकडी वाघ आज लंडनच्या संग्रहालयात आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर कंपनीने जे पदक पाडले, त्यावर ब्रिटिश सिंह वाघाला खाली लोळवतो आहे. वाघावरचा विजय आणि मुलखावरचा विजय असे एकाच पदकावर कोरले गेले. १८०७ मध्ये टॉमस विल्यमसन या कॅप्टनचे हिंदुस्थानातील शिकारीवरचे मोठे सचित्र पुस्तक लंडनमध्ये निघाले आणि हत्तीच्या हौद्यातून वाघावर नेम धरणारा साहेब हे चित्र इंग्लंडातल्या घरोघरी ओळखीचे झाले.

हे सगळे प्रत्यक्षात कसे घडले, ते पाहायला खानदेशासारखी जागा नाही. होळकर-शिंद्यांच्या लढाया, पेंढाऱ्यांच्या धाडी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांत खानदेशातली शेकडो गावे उठली. पडीक शेतांत झाडोरा माजला आणि त्याच्या मागोमाग वाघ आले. १८१८ मध्ये पेशवाई बुडून हा मुलूख कंपनीकडे आला, तेव्हा नव्या अंमलदारांपुढे दोन अडचणी होत्या: डोंगरातले भिल्ल आणि रानातले वाघ. दोन्हींचा बंदोबस्त झाल्याशिवाय शेते लागणार नव्हती आणि शेते लागल्याशिवाय सारा मिळणार नव्हता. भिल्लांची पलटण उभी करायला १८२५ मध्ये जेम्स औटरम हा तरुण अधिकारी पाठवला गेला. त्याने धरणगावला ठाणे केले आणि भिल्लांचा विश्वास मिळवायचा मार्ग म्हणून त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारी सुरू केल्या. दहा वर्षांत सुमारे दोनशे वाघांच्या शिकारीत तो सामील होता. त्याच्या चरित्रकारांनी या धाडसाचे पवाडे गायले. पण माग काढणारे, झाडीत शिरून वाघाला बाहेर काढणारे आणि कित्येकदा त्याच्या पंज्याखाली सापडणारे भिल्लच होते, हे त्या चरित्रांच्या ओळींमधून डोकावतेच.

अजिंठ्याची लेणी बाहेरच्या जगापुढे आली तीही अशाच एका शिकारीतून. एप्रिल १८१९ मध्ये मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा अधिकारी वाघूर नदीच्या खोऱ्यात वाघाच्या मागावर असताना त्याला समोरच्या कड्यात कोरीव कमान दिसली. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने खरडलेले नाव अजून आहे. आसपासच्या गावकऱ्यांना ती लेणी ठाऊक होतीच. ‘शोध’ लागला तो साहेबाला.

१८५७ नंतर राणीचे राज्य आले आणि वाघ मारणे हे सरकारी खात्याचे काम झाले. दर वर्षी कोणत्या जिल्ह्यात किती माणसे वाघाने, बिबट्याने, लांडग्याने आणि सापाने मेली, किती गुरे गेली, त्या बदल्यात किती जनावरे मारली आणि किती बक्षीस वाटले, याचे तक्ते छापले जाऊ लागले. कातडे किंवा मुंडके कचेरीत नेऊन दाखवायचे, खूण करून घ्यायची आणि रोख पैसे घेऊन परतायचे, अशी रीत होती. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांतल्या या सरकारी आकड्यांची बेरीज इतिहासकार महेश रंगराजन यांनी मांडली आहे. ८०,००० हून अधिक वाघ, दीड लाखाहून अधिक बिबटे आणि सुमारे दोन लाख लांडगे. ज्यांचे बक्षीस कोणी मागितले नाही, जी जखमी होऊन झाडीत मेली, ती यात नाहीत.

साम्राज्यातली शिकार म्हटली की हत्तीवरचा साहेब डोळ्यांपुढे येतो. पण बक्षिसाच्या या व्यवहारात बहुतेक जनावरे देशी शिकाऱ्यांनी मारली. ठासणीची बंदूक, फासा, सापळा किंवा विष वापरून, नाव न होता. सरकारला हवे होते ते मोकळे शिवार. लागवडीखालची जमीन वाढली की सारा वाढतो. रान म्हणजे बुडालेला सारा. आणि रानातला वाघ हा त्या बुडालेल्या साऱ्याचा राखणदार. अशा हिशेबात वाघाला ‘उपद्रवी’ हा शिक्का बसणे स्वाभाविक होते. रानकुत्र्याचे नशीब तर वाघाहून वाईट. माणसाच्या वाटेला तो जात नाही, पण साहेबाला हवी असलेली सांबरे आणि चितळे तो मारतो, म्हणून त्याच्यावर बक्षीस लागले आणि वाघाबद्दलचे मत बदलल्यावरही कित्येक वर्षे ते तसेच राहिले. शिकाऱ्याचा प्रतिस्पर्धी असणे हाच त्याचा गुन्हा होता.

मैदानी खेळ म्हणून शिकार फोफावली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याची कारणे निम्मी इंग्लंडात होती. तिथे शिकार ही बड्या जमीनदारांची मिरास होती. दुसऱ्याच्या रानात ससा मारणाऱ्या गरिबाला शतकानुशतके कडक शिक्षा होत आल्या होत्या. मध्यम घरातला जो मुलगा मायदेशी कोणाच्या हद्दीत पाऊल टाकू शकला नसता, तो हिंदुस्थानात लेफ्टनंट किंवा असिस्टंट कलेक्टर म्हणून आला की त्याला अख्खा डोंगर मोकळा मिळे. इथे तो उमराव होई, आणि तेही स्वस्तात. रेल्वेमुळे शिकारीचे रान दोन दिवसांवर आले. ठासणीच्या बंदुकीच्या जागी मागून काडतूस भरायची रायफल आली, तशी चुकलेल्या बाराची किंमत जीव देऊन मोजायची वेळही कमी झाली. फौजेचे वरिष्ठ शिकारीसाठी रजा खुशीने देत. घोडदौड, नेम, मुलखाची ओळख आणि रानात मुक्काम करण्याची सवय हे सगळे युद्धाला उपयोगी, असा त्यांचा हिशेब. घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारण्याच्या खेळाला याच कारणाने मोठा मान होता. मेरठची कादिर कप ही त्याची नावाजलेली स्पर्धा १८८३ मध्ये जिंकणारा बेडन-पॉवेल पुढे बालवीर चळवळीचा जनक म्हणून जगाला माहीत झाला. उटकमंडला तर विलायतेहून शिकारी कुत्री आणून, लाल कोट चढवून कोल्ह्याची शिकार खेळायची हौस होती. तिथे विलायती कोल्हा नव्हता, म्हणून कुत्री इथल्या देशी कोल्ह्याच्या मागे सोडली जात. सगळा थाट तोच, जनावर मात्र बदली.

मध्य प्रांत, वऱ्हाड आणि दख्खनमधली वाघाची शिकार बहुधा उन्हाळ्यात होई. एप्रिल-मेमध्ये पानगळ झालेली असते, ओढे आटतात आणि वाघ उरलेल्या पाणवठ्यांजवळच्या गर्द झाडीत पडून राहतो. साहेबाच्या आधी आठवडाभर गावातला शिकारी निघे. पाणवठ्यावरचे ठसे पाहून वाघ नर की मादी, केव्हा गेला, एकटा की पिलांसह, हे तो सांगे. मग तीन-चार ठिकाणी रेडकू बांधायचे. पहाटे कुठले रेडकू मारले गेले ते पाहून, वाघ जवळच झोपला असणार असे धरून दुपारच्या हाक्याची तयारी व्हायची. नाल्याच्या तोंडाशी झाडावर मचाण, दोन्ही बाजूंच्या झाडांवर टेहळे, आणि मागून ढोल, डबे, आरोळ्या यांनी रान ढवळत येणारे शंभर-दीडशे हाकेकरी. वाघ बाजूने निसटू लागला की झाडावरचा टेहळ्या बुंध्यावर काठी आपटे. तेवढ्या आवाजाने तो पुन्हा मचाणाकडे वळे. मचाणावर साहेब, त्याच्या हातात रायफल, मागे दुसरी रायफल भरून धरणारा नोकर. शेवटचा चाप साहेबाने ओढायचा. त्याच्या आधीचे सगळे गावाने करायचे.

हे गाव खुशीने येई असेही नाही. शिकारीच्या तंबूला दूध, कोंबड्या, गवत, लाकूड पुरवणे, सामान वाहणे आणि हाक्याला माणसे देणे ही पाटलाच्या गळ्यात पडणारी वेठ होती. कधी मजुरी मिळे, कधी ती वाटेतच कोणाच्या तरी हातात राही. हाक्यात जखमी वाघाने माणूस फाडला, तर घरच्यांच्या हाती थोडे रुपये ठेवले जात. शिकारीच्या शेकडो पुस्तकांत वाघाची लांबी इंच-इंच मोजलेली सापडते, पण मेलेल्या हाकेकऱ्याचे नाव क्वचितच.

लांबीचा हा ध्यास हा एक स्वतंत्र विषयच होता. मेलेल्या वाघाच्या नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकून सरळ अंतर मोजायचे, की पाठीच्या वळणावरून फीत फिरवायची, यावर हिरिरीने वाद झडत. दुसऱ्या पद्धतीने वाघ काही इंचांनी वाढतो. बड्या पाहुण्यासाठी अकरा इंचांचा फूट असलेली खास फीत ठेवली जाते, असा विनोद तेव्हा रूढ होता. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड या पेंढा भरणाऱ्या व्यापाऱ्याने १८९२ पासून शिंगे, सुळे आणि कातड्यांच्या विक्रमी मापांची यादीच छापायला घेतली. म्हैसूरला व्हॅन इंगेन कुटुंबाचा कारखाना हजारो वाघ-बिबट्यांत पेंढा भरून देई. जबडा उघडा आणि दात विचकलेले, हा ठराविक आविर्भाव. झोपेतून उठवून गोळी घातलेला वाघही दिवाणखान्यात गेल्यावर हल्ला करतानाच दिसायचा.

संस्थानिकांनी ही कला उचलली आणि वाढवली. गादीवर असूनही सत्ता रेसिडेंटच्या हातात गेलेल्या राजाला पराक्रम दाखवायला रान तेवढे उरले होते. व्हाइसरॉयला चांगली शिकार घडवून आणणे हे तर राजकारणच होते, कारण तोफांच्या सलामीपासून वारसाच्या मंजुरीपर्यंत बरेच काही साहेबाच्या मर्जीवर होते. १९११ च्या दिल्ली दरबारानंतर पाचवा जॉर्ज नेपाळच्या तराईत गेला. राणा पंतप्रधानाने शेकडो हत्तींचे कडे उभारले आणि दहा दिवसांत राजाच्या ताफ्याने ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी लॉर्ड लिनलिथगोसाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले; तो आकडा तिथल्या दगडी फलकावर अजून वाचायला मिळतो. कोल्हापूरच्या दरबारात काळवीट धरणाऱ्या चित्त्यांची परंपरा विसाव्या शतकातही चालू होती, पण देशी चित्ता इतका दुर्मीळ झाला होता की आफ्रिकेतून चित्ते मागवावे लागले.

याच काळात कायद्याने रानाचा मालक बदलला. १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली जंगलखाते सुरू झाले. रेल्वेच्या स्लीपरांना आणि जहाजांना लागणारे साग-साल संपू नये, ही त्यामागची मुख्य काळजी. १८६५ चा कायदा अपुरा वाटल्यावर १८७८ चा आला आणि विस्तीर्ण प्रदेश राखीव जंगल ठरला. त्यात चराई, लाकूडफाटा, मोहफुले आणि शिकार हे वहिवाटीचे हक्क राहिले नाहीत. सरकारने दिली तर सवलत. त्याच वर्षीच्या हत्यारांच्या कायद्याने देशी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा झाला, गोऱ्यांना त्यातून सूट होती. पुढच्या वर्षी निलगिरीत शिकारीच्या जनावरांचे रक्षण करणारा कायदा झाला. त्याचा आग्रह धरणारी संघटना शिकाऱ्यांचीच होती. १८७९ मध्येच रानहत्तींना देशभर संरक्षण मिळाले, कारण हत्ती फौजेच्या आणि लाकूड ओढण्याच्या कामाचा. १९१२ च्या कायद्याने हरणे, गवे, गेंडे आणि अनेक पक्षी यांच्यासाठी शिकारबंदीचे महिने ठरवता येऊ लागले. वाघाचे नाव त्या यादीत नव्हते.

या नियमांमागचा विचार साधा होता. मादी मारू नये, विणीच्या काळात मारू नये, जाळे-फासे-विष वापरू नये, बसलेल्या पाखरावर बार टाकू नये. जो हे पाळतो तो खिलाडू, जो पोटासाठी किंवा बाजारासाठी मारतो तो चोर. मध्य प्रांतात जंगलाचे विभाग पाडून परवानाधारकांना ठराविक मुदतीसाठी वाटून दिले जात. कुठे किती जनावरे मारायची तेही ठरलेले असे. व्यवस्था म्हणून ती वाईट नव्हती. तिच्यामुळे काही रानांत जनावर टिकले हे मान्य केले पाहिजे. पण तिची किंमत ज्यांनी चुकवली, त्यांनी ती मागितलेली नव्हती. ज्या फाशांवर पारध्याचे पोट होते, ते फासेच आता गुन्ह्याचा पुरावा झाले, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याचा फास पुढे पारध्यांच्याच गळ्यात पडला. हरणाच्या मागे रानोरान फिरणे ही रीत असलेल्या समाजाला ‘भटका आणि संशयित’ ठरवायला वेळ लागला नाही.

शेतकऱ्याचे दुखणे वेगळे होते. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्याने गायराने आणि डोंगर गिळल्याची तक्रार आहे. आणि रानडुकरांपासून पीक राखायला शेतकऱ्याला बंदुकीचा परवाना द्यायचा नसेल, तर राखण पोलिसांनी करावी आणि नुकसान भरून द्यावे, असे सरकारला सुनावलेले आहे. वन्य प्राण्यांनी केलेल्या नुकसानीची भरपाई मागणारा हा मराठीतला फार जुना आवाज असावा. संस्थानांत स्थिती याहून बिकट होती. अलवरमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखलेली रानडुकरे पिके फस्त करत आणि त्यांना हात लावायची रयतेला बंदी. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावरून तिथे शेतकऱ्यांचे आंदोलनच झाले. महाराष्ट्रात हा राग १९३० च्या जंगल सत्याग्रहांत बाहेर पडला. पुसदला लोकनायक अण्यांनी गवत कापून कायदा मोडला, बिळाशीत आणि चिरनेरला लोक हजारोंनी जमले, आणि चिरनेरला २५ सप्टेंबर रोजी गोळीबार झाला. तिथे मागणी शिकारीची नव्हती, गवत आणि लाकडाची होती. पण प्रश्न तोच, रान कोणाचे?

निसर्गाबद्दलचे ज्ञानही याच शिकाऱ्यांच्या हातून वाढले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ हौशी मंडळींनी भायखळ्याच्या संग्रहालयात जमून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे मराठी गृहस्थ होते. १८८६ पासून निघू लागलेल्या सोसायटीच्या नियतकालिकात पक्ष्यांच्या घरट्यांच्या टिपणाशेजारी वाघाच्या शिकारीची हकीगत असे. पुष्कळदा लेखक एकच. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला, मिठाच्या आणि जकातीच्या खात्यातला अधिकारी. त्याने बंगल्याभोवतीच्या मुंग्या, बेडूक, चिमण्या यांवर खुसखुशीत लिहिले आणि बंदुकीपेक्षा नजर बरी, हे त्या पिढीत लवकर ओळखले. म्हैसूरला हत्ती धरण्याचे काम करणाऱ्या जी. पी. सँडरसनने १८७८ मध्येच लिहिले होते की वाघ सरसकट वाईट नाही. हरणे-डुकरे आटोक्यात ठेवून तो शेतीला मदतच करतो. सरकारी बक्षिसांवर मात्र त्याचा परिणाम झाला नाही. मुंबईच्या या सोसायटीच्या दारात १९०८ मध्ये सालिम अली नावाचा मुलगा आपण पाडलेली एक चिमणी घेऊन आला. तिच्या गळ्यावरच्या पिवळ्या डागाचा उलगडा त्याला हवा होता.

मन बदलू लागले ते विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि एकट्या हिंदुस्थानात नव्हे. आफ्रिकेत हस्तिदंतासाठी आणि खेळासाठी चाललेल्या कत्तलीमुळे शिकारच संपेल, या भीतीने युरोपीय सत्तांनी १९०० मध्ये लंडनला करार केला. १९०३ मध्ये साम्राज्यातल्या वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी संस्था निघाली. तिच्या सभासदांना ‘पश्चात्ताप झालेले खाटीक’ असे टोपणनाव पडले, कारण त्यांच्यातले कित्येक जण नामांकित शिकारी होते. गीरचे सिंह वाचले ते याच सुमारास. जुनागढच्या नवाबाने शिकार आवळून धरली होती आणि १९०० मध्ये लॉर्ड कर्झनने तिथली सिंहाची शिकार टाळली. सिंह बाराच उरलेत असे त्या वेळी सांगितले जाई. बड्या पाहुण्यांना परतवण्यासाठी आकडा मुद्दाम कमी सांगितला असावा, असे अभ्यासकांना वाटते, आणि ते पटण्यासारखे आहे.

जंगलखात्यातल्या एफ. डब्ल्यू. चँपियनने रायफल ठेवून कॅमेरा घेतला. रानवाटेवर तार ताणून वाघाच्याच पायाने रात्री त्याचा फोटो निघेल, अशी योजना त्याने केली आणि ते फोटो १९२७ मध्ये पुस्तकात छापले. त्याच्या नादाने कॅमेऱ्याकडे वळलेला जिम कॉर्बेट नैनितालचा. १९०७ मध्ये त्याने मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ बळी होते. नरभक्षक वाघ हा बहुधा जखमी किंवा म्हातारा असतो, आणि जखम पुष्कळदा कुठल्या तरी शिकाऱ्याच्या अर्धवट लागलेल्या गोळीची असते, हे त्याने लोकांना पटवले. १९३५ मध्ये दिल्लीत वन्यजीव रक्षणाची अखिल भारतीय परिषद भरली आणि पुढच्याच वर्षी संयुक्त प्रांतात हेली नॅशनल पार्क जाहीर झाले. आज ते कॉर्बेटच्या नावाने ओळखले जाते.

साम्राज्य गेले तरी बंदुका राहिल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाड्या स्वस्तात मिळू लागल्या आणि रात्री दिव्याच्या झोतात शिकार करणे कोणालाही जमू लागले. ‘अधिक धान्य पिकवा’ मोहिमेत पीकसंरक्षणाच्या नावाने परवाने वाटले गेले. कोरिया संस्थानाच्या राजाने १९४७ मध्ये एका रात्रीत तीन चित्ते मारले. देशी चित्त्यांची ती शेवटची खात्रीची नोंद मानतात. ती हकीगत मुंबईच्या सोसायटीच्या नियतकालिकाकडे आली, तेव्हा संपादकांनी ती छापताना आपला संताप लपवला नाही. ज्या पानांवर कधी शिकारीचे कौतुक होई, तिथे हा बदल लक्षात येण्याजोगा होता. डॉलर मिळवून देणाऱ्या शिकार-कंपन्या मात्र १९६० च्या दशकातही परदेशी पाहुण्यांना वाघाची हमी देत होत्या. १९६१ मध्ये राणी एलिझाबेथच्या दौऱ्यात प्रिन्स फिलिपने जयपूर संस्थानाच्या रानात वाघ मारला. त्याच वर्षी तो जागतिक वन्यजीव निधीच्या संस्थापकांत होता.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्या वर्षीच्या गणतीत वाघ १,८२७ भरले. १ एप्रिल १९७३ रोजी सुरू झालेल्या व्याघ्र प्रकल्पाच्या पहिल्या नऊ रानांत मेळघाट होते. संरक्षणासाठी निवडलेल्या जागा पाहिल्या तर जुन्या शिकारीचा नकाशाच समोर येतो. रणथंभोर आणि सरिस्का ही जयपूर-अलवरची शिकारीची राने, भरतपूरची पाणथळ तिथल्या राजाची, आणि १९५८ मध्ये गव्यांसाठी जाहीर झालेले महाराष्ट्राचे पहिले अभयारण्य, दाजीपूर, कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे रान. राजासाठी राखलेले म्हणून उरलेले आणि उरलेले म्हणून पुन्हा राखलेले, असा हा क्रम आहे. या रानांत राहणाऱ्या माणसांचे हक्क मात्र १८७८ मध्ये गेले ते गेलेच. अभयारण्यांतून गावे हलवताना कोरकू आणि गोंडांपुढे तोच कागद ठेवला गेला. २००६ च्या वनहक्क कायद्याने त्या अन्यायाची पहिल्यांदा सरकारी भाषेत कबुली दिली, तरी राखीव रानांत त्याची अंमलबजावणी रखडतच चालली आहे.

उपद्रवी जनावर ही कल्पनाही कायद्यातून गेलेली नाही. १९७२ च्या कायद्यात त्यासाठी वेगळे परिशिष्ट होते. २०२२ च्या दुरुस्तीत ते वगळले, पण एखाद्या प्रदेशात ठराविक मुदतीपुरते जनावराला उपद्रवी ठरवण्याचा अधिकार कलम ६२ मध्ये केंद्र सरकारकडे कायम आहे. २०१५-१६ मध्ये तो वापरून बिहारमध्ये नीलगाय, उत्तराखंडात रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशात माकड मारायची वर्षभराची मुभा दिली गेली, आणि बिहारने नीलगायींसाठी बाहेरून पट्टीचे बंदुकवाले बोलावले.